अग्नीपासून पाणी



ज्या रसायनशास्त्राच्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांची अशी श्रद्धा होती की शास्त्राचा आरंभ प्रयोगशाळेच्या दारात होत नसून रस्त्यावर, अंगणात आणि स्वयंपाकघरात होतो. आणि त्या श्रद्धेला स्मरूनच आजचा विषय मी निवडला आहे. थंडीच्या सकाळी मोटार सुरू केली असता तिच्या मागच्या नळीतून, जिला आपण सर्रास सायलेन्सर म्हणतो तिच्या तोंडातून, प्रथम पांढरी वाफ निघते, मग त्या तोंडाच्या कडेवर थेंब जमतात आणि पाहता पाहता खालच्या फरशीवर पाण्याचा ओघळ तयार होतो. ज्या टाकीत पेट्रोलाखेरीज दुसरे काही घातलेले नाही तिच्या वाहनातून पाणी यावे, आणि तेही ज्या ठिकाणी आग पेटते त्या ठिकाणाहून यावे, ही गोष्ट विचार करणाऱ्या मनुष्याला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. कोणी ती पाहून पेट्रोलात पाण्याची भेसळ झाल्याची फिर्याद पंपावर नेतो, कोणी इंजिन फुटले या धास्तीने गॅरेज गाठतो, आणि गॅरेजातला जुना मिस्त्री शांतपणे सांगतो की गाडी पाणी टाकते म्हणजे इंजिन तंदुरुस्त आहे. या तिन्ही साक्षींपैकी मिस्त्रीची साक्ष सत्याच्या सर्वांत जवळची आहे. परंतु ती जशीच्या तशी दाखल करून घेण्याजोगी नाही, आणि का नाही ते पुढे येईल.

प्रथम हे पाणी आले कोठून, याचा तपशील पाहू. पेट्रोल हा कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांच्या अनेक संयुगांचा मेळ आहे, आणि हिशेबाच्या सोयीसाठी त्याचा प्रतिनिधी म्हणून ऑक्टेन हे संयुग घेण्याचा प्रघात आहे, ज्याच्या एका रेणूत कार्बनचे आठ आणि हायड्रोजनचे अठरा अणू असतात. हा रेणू हवेतील ऑक्सिजनशी पूर्णपणे संयोग पावला म्हणजे त्याच्या कार्बनपासून कार्बन डायऑक्साइडचे आठ रेणू आणि हायड्रोजनपासून पाण्याचे नऊ रेणू तयार होतात. वजनात मांडले तर १ किलो ऑक्टेनपासून सुमारे १.४ किलो पाणी होते. आणि १ लिटर पेट्रोलाचे वजन पाऊण किलोच्या आसपास असल्यामुळे, १ लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ १ लिटर पाणी, किंचित अधिकच, जन्माला येते. जी मोटार लिटरमागे १५ किलोमीटर चालते ती दर १५ किलोमीटरांना लिटरभर पाणी मागे सोडीत जाते. उन्हाळ्यातही सोडते, घाटातही सोडते, आणि एक थेंबही दिसत नसतो तेव्हाही सोडतेच. या पाण्याचा अत्यंत अल्प अंश थेंबरूपाने आपल्या दृष्टीस पडतो. बाकीचे अदृश्य वाफेच्या रूपाने वातावरणात मिसळून जाते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गार पाण्याने भरलेल्या पेल्याच्या बाहेरच्या अंगाला जे दव जमते ते हवेत आधीपासूनच असलेले पाणी असते. पेला त्याला फक्त गार करून खाली उतरवितो. मोटारीतील वातानुकूलन यंत्र चालू असता तिच्या पुढच्या भागाखाली जे पाणी टपकते तेही याच जातीचे, हवेतून गाळलेले. मागच्या नळीतले पाणी मात्र क्षणापूर्वी पाणी म्हणून अस्तित्वातच नव्हते. ते इंजिनाच्या सिलिंडरात, ज्वाळेच्या पोटात, घडले आहे. आपल्या तैत्तिरीय उपनिषदातील सृष्टिक्रमात अग्नीपासून जल उत्पन्न झाले असे सांगितले आहे, हे येथे अनेकांना आठवेल. त्या ऋषींना रसायनशास्त्र अवगत होते असा दावा मी करणार नाही, कारण तो दावा शास्त्राचाही मान राखीत नाही आणि उपनिषदाचाही; त्यांचा प्रश्न निराळा होता आणि त्यांची पद्धतीही निराळी. परंतु अग्नी आणि जल हे परस्परांचे केवळ वैरी आहेत अशी जी समजूत सामान्य व्यवहारातून आपल्या मनात बसते, ती ज्यांच्या मनात बसली नव्हती अशी माणसे या भूमीवर होऊन गेली, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

युरोपातही ही समजूत फार उशिरा ढळली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाणी हे मूलतत्त्व मानले जात असे. हेन्री कॅव्हेंडिश या अतिशय अबोल, अतिशय श्रीमंत आणि मोजमापाच्या बाबतीत अतिशय काटेकोर अशा इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये ज्वालाग्राही वायूचे, म्हणजे ज्याला आज आपण हायड्रोजन म्हणतो त्याचे, गुणधर्म नोंदवून ठेवले होते. पुढे जोसेफ प्रीस्टली यांनी तो वायू बंद भांड्यात हवेबरोबर विजेच्या ठिणगीने पेटविला असता भांड्याच्या आतल्या अंगाला दव धरते असे पाहिले; परंतु पाहणे आणि त्या पाहिलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करणे यांत जे अंतर आहे ते कॅव्हेंडिश यांनी तोडले. १७८१ पासून त्यांनी हा प्रयोग पुनःपुन्हा केला, वायूंची परिमाणे मोजली, जमलेले दव तपासले आणि ते शुद्ध पाणीच आहे अशी स्वतःची खात्री करून घेतली. तरीही त्यांचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला तो १७८४ मध्ये. हा विलंब का झाला याचे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. त्यांच्या काही प्रयोगांतले पाणी आंबट निघत होते, त्यात नत्राम्लाचा अंश सापडत होता, आणि हे अम्ल कोठून आले याचा उलगडा झाल्याखेरीज निबंध छापणे त्यांच्या सचोटीला मानवत नव्हते. अखेर उलगडा झाला तो असा, की वायूंमध्ये नायट्रोजनाची थोडी भेसळ राहिली होती आणि स्फोटाच्या प्रखर उष्णतेत तो नायट्रोजनच ऑक्सिजनशी संयोग पावत होता. जे कॅव्हेंडिश यांच्या काचेच्या भांड्यात दव आंबट करीत होते तेच, अल्प प्रमाणात, आज प्रत्येक मोटारीच्या सिलिंडरात घडते. सायलेन्सरचे पाणी सौम्य अम्ल असण्याचे ते एक कारण आहे.

त्याच सुमारास, १७८३ मध्ये, पॅरिसमध्ये अँत्वान लाव्हाझिए यांनी लाप्लास यांच्यासह हा प्रयोग केला, आणि पुढे म्यूनिए यांच्या सहकार्याने त्याची उलट बाजूही सिद्ध केली: तापून लाल झालेल्या लोखंडी नळीतून पाण्याची वाफ नेली असता लोखंड ऑक्सिजन घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. जेम्स वॅट यांनीही पाणी हे संयुग असल्याचा तर्क लिहून पाठविला होता, आणि या शोधाचा मान कोणाचा यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. त्या वादाचा फैसला करण्यात मला स्वारस्य नाही. कॅव्हेंडिश यांनी वस्तुस्थिती मोजली, परंतु तिचा अर्थ ते, ज्वलनात पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य बाहेर पडते, या जुन्या कल्पनेतच लावीत राहिले. अर्थ लावला तो लाव्हाझिए यांनी. मोजणारा आणि अर्थ लावणारा हे दोघेही शोधाचे जनक असतात असे मानले की भांडणाला जागाच उरत नाही.

हे ज्ञान सामान्य लोकांपर्यंत कोणी पोहोचविले असेल तर ते मायकेल फॅरेडे यांनी. १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी त्यांनी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, आणि सार्वजनिक व्याख्यान कसे असावे याचा तो आजही आदर्श आहे. बर्फ आणि मीठ यांनी थंड केलेले भांडे त्यांनी ज्योतीवर धरले, त्याच्या तळाशी लोंबणारा थेंब श्रोत्यांना दाखविला, आणि तो पाण्याचाच आहे हे पटविण्यासाठी त्यावर पोटॅशियमचा तुकडा टाकला, जो पाण्याला स्पर्श होताच जांभळ्या ज्वाळेने पेटतो. १ पाइंट तेल नीट जाळले तर त्यापासून १ पाइंटाहून थोडे अधिकच पाणी होते, हेही त्यांनी त्या मुलांना सांगितले. अंतर्ज्वलन इंजिनावर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर येण्याला तेव्हा पंचवीस वर्षांचा अवकाश होता. पण आपल्या विषयाचे मर्म त्या एका विधानात पूर्ण उतरले आहे.

आता, पाणी जर अखंड तयार होते तर ते थंड इंजिनाच्याच वेळी का दिसते? नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या आकारमानाचा सुमारे सातवा हिस्सा वाफेचा असतो, आणि एवढी वाफ ज्या मिश्रणात आहे त्याचा दवबिंदू ५० अंश सेल्सिअसच्या थोडा वर पडतो. नळीची आतली भिंत जोवर या तापमानाखाली आहे तोवर तिच्यावर पाणी जमणारच. आणि गाडी काही किलोमीटर चालून नळी शेवटपर्यंत तापली म्हणजे तेच पाणी वाफेच्या रूपाने निमूट निघून जाणार. यातून एक गोष्ट निष्पन्न होते जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पांढरा ढग दिसणे हे बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे, म्हणून निफाड-नाशिककडच्या पौषातल्या पहाटे तो मोठा दिसतो आणि मुंबईत क्वचितच. परंतु थेंब जमणे हे नळीच्या धातूवर अवलंबून आहे, आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची नळी वैशाखातही ५० अंशांवर नसते. म्हणून ढग नसताना थेंब दिसले तर त्यात अघटित असे काही नाही. डिझेलच्या इंजिनात इंधनाच्या मानाने हवा पुष्कळ जास्त घेतली जाते, त्यामुळे वाफ पातळ होते आणि थेंब कमी पडतात. उलट सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा आणि टॅक्सी अधिक पाणी टाकतात, कारण तो वायू मुख्यतः मिथेन असतो, मिथेनात कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे चार अणू असतात, आणि १ किलो मिथेनपासून सव्वादोन किलो पाणी होते.

मिस्त्रीच्या साक्षीची उलटतपासणी आता करता येईल. पाणी पडते याचा अर्थ इंधनातला हायड्रोजन जळतो आहे. हे खरे, पण तो रोगट इंजिनातही जळतोच. आणि पाणी पडत नाही याचा अर्थ बहुधा एवढाच की नळी तापलेली आहे. थेंबांवरून इंजिनाच्या प्रकृतीचा दाखला देता येत नाही. ज्या लक्षणांवरून खरोखर चिंता करावी ती निराळी आहेत. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर सुटत राहणे, त्याला किंचित गोडसर वास येणे, कूलंटची पातळी बाहेर कोठे गळती नसताना दिवसेंदिवस उतरत जाणे, तापमानाचा काटा चढणे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर हेड गॅस्केट उडाले आहे किंवा हेडला चीर गेली आहे आणि कूलंट सिलिंडरात शिरते आहे असा संशय घ्यावा, आणि विलंब न लावता गाडी दाखवावी. थेंब काळसर असतील तर तो नळीतल्या काजळीचा रंग असतो. एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. आणखी एक सूचना अत्यंत गांभीर्याने करतो: बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून हे थेंब पाहत कोणी बसू नये, कारण पाण्याच्या सोबतीने त्याच नळीतून कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि जो मनुष्याला सावध होण्याची मुदत देत नाही.

हे पाणी गाडीच्या दृष्टीने मात्र अगदीच निरुपद्रवी म्हणता येणार नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, नायट्रोजनाच्या ऑक्साइडांपासून आलेला अम्लांश असतो, आणि इंधनातल्या गंधकापासून झालेले अम्लही असते, जरी १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या इंधनात गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भागांवर आणल्यामुळे हा शेवटचा उपद्रव पुष्कळ घटला आहे. जी गाडी रोज घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत एवढीच चालते, तिची नळी कधी पुरती तापतच नाही. पाणी मागच्या डब्यात साचून राहते आणि डबा आतून गंजतो. म्हणून कित्येक सायलेन्सरांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. ते गळतीचे भोक समजून वेल्डिंगने बुजविणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांनी तसे करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातून एखादा लांबचा फेरा हा सायलेन्सरवरचा सर्वांत स्वस्त उपचार होय.

या पाण्याला उपद्रव मानण्याची आपली रीत. परंतु एके काळी याच पाण्याच्या प्राप्तीसाठी मोठा खटाटोप करावा लागला होता, आणि ती हकीकत मला या विषयातली सर्वांत रम्य हकीकत वाटते. १९२३ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने ‘शेनान्डोआ’ नावाचे महाकाय हवाई जहाज आकाशात सोडले. जर्मनांची तशी जहाजे पेट घेणाऱ्या हायड्रोजनाने भरलेली असत. हे हेलियमने भरलेले होते, जो जळत नाही, पण त्या काळी अत्यंत दुर्मिळ आणि महाग होता. अडचण अशी की इंजिने इंधन जाळू लागली की जहाज हलके होत जाते आणि वर वर चढू पाहते. हायड्रोजनाचे जहाज असते तर थोडा वायू सोडून देऊन तोल सावरता आला असता. हेलियम सोडून देणे म्हणजे खजिना उधळण्यासारखे होते. तेव्हा तेथील अभियंत्यांनी विचार केला की इंधन खरोखर नाहीसे झालेले नाही, त्याचे पाणी झाले आहे, आणि ते पाणी वजनाने इंधनाहूनही अधिक आहे. त्यांनी इंजिनाच्या नळीतले वायू थंड करणारी शीतके बसविली आणि जमलेले पाणी टाक्यांत भरून वजन म्हणून वापरले. पुढच्या ‘अ‍ॅक्रन’ आणि ‘मेकॉन’ या जहाजांच्या छायाचित्रांत प्रत्येक इंजिनाच्या वर, जहाजाच्या कुशीवर, पट्ट्यांच्या ज्या उभ्या ओळी दिसतात त्या याच शीतकांच्या. तिन्ही जहाजे अपघातात नष्ट झाली, शेनान्डोआ १९२५ मध्ये, अ‍ॅक्रन १९३३ मध्ये आणि मेकॉन १९३५ मध्ये. त्यांच्या नाशाला वादळे आणि रचनेतले दोष कारण झाले. पाणी मिळविण्याची युक्ती मात्र हिशेबाला उतरली होती.

आता थोडे मागे, फार मागे जाऊ. पेट्रोलात हायड्रोजन आला कोठून? वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडतात, त्यातला ऑक्सिजन हवेत सोडतात आणि हायड्रोजन कार्बनशी बांधून आपले शरीर घडवितात. सोडला जाणारा ऑक्सिजन पाण्यातलाच असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, हे १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात रूबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन वापरून दाखवून दिले. अशा वनस्पतींचे आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळाखाली दबून, कोट्यवधी वर्षे तापून, त्यांचे खनिज तेल झाले. मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रात १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलवेधन मंचाने वेध घेतला तो अशाच एका साठ्याचा. म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाशी जो थेंब लोंबतो आहे त्यातला हायड्रोजन एके काळी पाण्यातच होता. एका पानाने किंवा शेवाळाच्या एका पेशीने त्याला ऑक्सिजनपासून विलग केले, त्या ताटातुटीसाठी सूर्याची जी शक्ती खर्ची पडली ती त्या इंधनात अडकून राहिली, आणि इंजिनात पुनर्मीलन होताच ती मोकळी होऊन गाडीची चाके फिरली. गाडी धावते ती या जोडणीच्या, आणि कार्बनच्याही तशाच जोडणीच्या, बळावर. म्हणून मला हा थेंब गाडीचा मळ वाटत नाही. ज्या घटनेने गाडी चालली तिचा तो दस्तऐवज आहे.

पण दस्तऐवज पुरा वाचला पाहिजे. १ लिटर पेट्रोल जळताना हवेतून अडीच किलोंहून थोडा अधिक ऑक्सिजन घेते, आणि तिकडे लिटरभर पाण्याबरोबर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. पाणी हवेत मिसळले तर काही दिवसांत पावसाच्या किंवा दवाच्या रूपाने खाली येते. कार्बन डायऑक्साइडला तशी सुटका नाही; त्याचा मोठा अंश शतकानुशतके वातावरणात रेंगाळतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. दोघेही एकाच ज्वाळेचे अपत्य. ज्याला आपण पाहतो आणि ज्याची तक्रार गॅरेजात नेतो ते निरुपद्रवी, आणि वजनाने दुप्पट असलेले दुसरे डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याची नोंद घरच्या कोणत्याही वहीत होत नाही. हे मला फार खटकते.

अलीकडे आपल्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे, आणि ते तयार करणाऱ्या प्रांतांत महाराष्ट्र अग्रेसर आहे. इथेनॉलही जळून पाणीच देते, त्यामुळे अशा पेट्रोलावर चालणाऱ्या गाडीच्या थेंबातला सहावा-पाचवा भाग आता कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागराचा नसून अलीकडच्या हंगामातल्या पिकाच्या मुळांना मिळालेल्या पाण्याचा असू शकतो. आणि त्याच्या कार्बनच्या अणूंपुरते बोलायचे तर तेही हवेतून नुकतेच घेतलेले आणि हवेला परत दिलेले. हा या इंधनाच्या बाजूचा पुरावा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. मात्र ज्यापासून आपल्याकडे यातले बरेच इथेनॉल बनते तो ऊस जमिनीतून जेवढे पाणी ओढतो त्यातला अत्यल्प अंशच त्याच्या साखरेत हायड्रोजनरूपाने बांधला जातो. उरलेले सारे पानांवाटे उडून जाते, आणि ते पाणी कोठून येते, कोणत्या धरणातून, कोणत्या विहिरीतून, आणि शेजारच्या कोणत्या कोरडवाहू शिवाराला वगळून, याचा जाब सायलेन्सरच्या नळीत मिळत नाही. तो मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या टँकरच्या नोंदवह्यांत शोधावा लागतो.